रुग्ण आणि शुभंकरांना सेवेच्या आखणीत घ्यायचं, तर कधी आणि कसं?

मुक्ता_

या विषयावर धागा काढायचं बरेच दिवस मनात होतं. रुग्णालयं, डे-केअर केंद्रं, घरी येऊन सेवा देणाऱ्या संस्था आता आपल्या समित्यांवर रुग्णांना आणि त्यांच्या घरच्यांना घेऊ लागल्या आहेत. मी वडिलांची शुभंकर आहे. (पार्किन्सन्सच्या स्वमदत गटात आम्ही रुग्णाला शुभार्थी आणि त्याची काळजी घेणाऱ्याला शुभंकर म्हणतो, तेच शब्द इथेही वापरते.) एका रुग्णालयाच्या अशा समितीवर मी काम करते आणि गटातल्या इतरांचे अनुभवही कानावर येत असतात. त्यातून माझं एक मत पक्कं झालं आहे. आपल्याशी किती आदराने वागले, किती वेळ बोलू दिलं, हे सगळं नंतरचं. आपल्याला बोलावलं कधी, यावर बहुतेक सगळं ठरतं.

आराखडा मंजूर झालेला असतो, यंत्रं मागवून झालेली असतात, वेळापत्रक छापून तयार असतं, आणि मग "तुमच्या सूचना सांगा" म्हणून बोलावणं येतं. अशा बैठकीत शुभार्थी भिंतीच्या रंगाबद्दल आणि खुर्च्यांबद्दल बोलतात, कारण बदलण्यासारखं तेवढंच उरलेलं असतं. नंतर आयोजक म्हणतात, "बघा, यांना मोठ्या प्रश्नांत रस नसतो." हे ऐकलं की मला फार वाईट वाटतं. मोठे प्रश्न त्यांना कुणी विचारलेच नव्हते.

शेरी अर्नस्टीन या अमेरिकन अभ्यासक बाईंनी १९६९ मध्ये नागरिकांच्या सहभागाची आठ पायऱ्यांची शिडी मांडली होती. शहरांच्या नियोजनासाठी मांडलेली, पण आरोग्यसेवेलाही तंतोतंत लागू पडते. तळाच्या दोन पायऱ्यांवर सहभाग नाहीच. मधल्या तीन म्हणजे माहिती देणं, मत विचारणं आणि समजूत काढणं. या तिन्हींना अर्नस्टीन नाममात्र सहभाग म्हणतात. खरा सहभाग त्याच्या वर, भागीदारीपासून सुरू होतो. मत विचारणं हे मधल्या गटात बसवलं आहे, हे मला महत्त्वाचं वाटतं. अभिप्रायाचा फॉर्म भरून घेतला की काम झालं असं समजणाऱ्या संस्था पुष्कळ आहेत.

आमच्या समितीत एक बैठक खरोखर वेगळी झाली, ती सांगते. विषय होता रुग्णाला घरी सोडण्याचा. भिंतीवर लांबच लांब कागद लावला होता आणि प्रत्येकाने आपापल्या चिठ्ठ्या चिकटवायच्या होत्या: आपलं काम कुठे सुरू होतं, कुठे अडतं, कुठे संपतं. डॉक्टर, परिचारिका, फार्मसी, बिलिंग यांच्या चिठ्ठ्या डावीकडून सुरू झाल्या आणि "डिस्चार्ज पेपरवर सही" या चिठ्ठीशी येऊन थांबल्या. शुभंकरांच्या चिठ्ठ्या सुरूच तिथून झाल्या. गाडीत बसवायचं कसं? जुन्या गोळ्या बंद करायच्या की नव्यांबरोबर चालू ठेवायच्या? लघवीची पिशवी भरली की काय करायचं? रात्री ताप चढला तर फोन कुणाला करायचा? कागदाचा उजवा अर्धा भाग असा भरत गेला, आणि फार्मसीतल्या बाई जागेवरून उठून एकेक चिठ्ठी जवळून वाचायला लागल्या.

त्यातून निघालेला बदल अगदी साधा होता. घरी सोडायच्या आदल्या दिवशी परिचारिका शुभंकराला घेऊन बसते, घरातली जुनी औषधं समोर मांडून बंद झालेली बाजूला काढते, आणि शुभंकर तिच्यासमोर एकदा स्वतःच्या हाताने पिशवी बदलून बघतो. हे सुचू शकलं, कारण त्या दिवशी कुणीही तयार फॉर्म छापून आणलेला नव्हता.

तुमचे अनुभव लिहा. रुग्णालयात काम करणाऱ्यांनी तर जरूर लिहा.

रात्रपाळी

मुक्ताताई, धागा आवडला. मी परिचारिका आहे, त्यामुळे दुसऱ्या बाजूचं लिहिते.

रुग्णांना बैठकीला बोलावणार म्हटलं की स्टाफच्या पोटात गोळा येतो. आता सगळ्यांसमोर तक्रारी निघणार, कुणाचं तरी नाव घेतलं जाणार, आणि वरिष्ठ ते लक्षात ठेवणार! ही भीती उगाच नसते. म्हणून काहीच तयारी न करता दोघांना एका खोलीत बसवलं, की एक बाजू गाऱ्हाणी मांडते, दुसरी खुलासे देते आणि वेळ संपते. दोघंही कडवटपणा घेऊन घरी जातात. असं मी पाहिलं आहे.

इंग्लंडमध्ये पॉल बेट आणि ग्लेन रॉबर्ट यांनी यावर एक पद्धत बसवली, अनुभवांवर आधारित सहआखणीची. ल्यूटन अँड डन्स्टेबल रुग्णालयात, डोकं आणि मानेच्या कर्करोगाच्या विभागात २००५-०६ च्या सुमारास ती पहिल्यांदा वापरली गेली. आधी वॉर्डात बसून नुसतं निरीक्षण करायचं. मग स्टाफच्या मुलाखती, आणि रुग्णांच्या मुलाखती कॅमेऱ्यावर. स्टाफ वेगळा बसतो, रुग्ण वेगळे बसतात. संकलित केलेली फिल्म रुग्ण आधी स्वतः बघतात. त्यानंतर पहिल्यांदा सगळे एकत्र येतात, मिळून फिल्म बघतात, दोन्ही गटांनी काढलेले मुद्दे समोर ठेवतात आणि आधी कशाला हात घालायचा ते बरोबरीने ठरवतात. पुढे छोटे मिश्र गट काही महिने काम करत राहतात.

यातला स्टाफलाही "तुझा अनुभव काय" असं विचारण्याचा भाग मला फार मोलाचा वाटतो. तो कुणी विचारत नाही. आपलंही ऐकून घेतलं आहे हे कळलं, की रुग्ण बोलायला लागल्यावर बचावाचा पवित्रा घ्यावासा वाटत नाही.

आमच्याकडे अशाच एका मुलाखतीत एका काकांनी सांगितलं होतं, की अख्ख्या ऑपरेशनमध्ये सगळ्यात कठीण गेला तो थिएटरबाहेर ट्रॉलीवर पडून राहण्याचा वेळ. छताकडे बघत पडले होते, चष्मा काढून घेतलेला, माणसं बोलत बोलत शेजारून जात होती आणि त्यांच्याशी कुणी बोलत नव्हतं. तो कॉरिडॉर माझ्या रोजच्या पायाखालचा आहे. आता चष्मा आणि श्रवणयंत्र अगदी शेवटच्या क्षणापर्यंत रुग्णाजवळच ठेवतो, आणि ट्रॉलीपाशी एक जण थांबतो. जास्तीचा माणूस मिळाला नाही. कामाची वाटणी बदलली, एवढंच.

धूमकेतू

दोन्ही पोस्टमागची तळमळ पोचली. तरी दोन शंका आहेत, त्या मांडतो.

पहिली, येतं कोण? ज्याला वेळ आहे, चार लोकांत बोलता येतं, शिक्षण आहे, आजार आटोक्यात आहे. सगळ्यात जास्त हाल ज्याचे होतात तो कुठल्याच समितीवर नसतो. मग दोन-चार चांगलं बोलणाऱ्या माणसांच्या अनुभवावरून हजारो लोकांची सेवा का आखायची? त्यापेक्षा नीट नमुना निवडून सर्वेक्षण केलेलं काय वाईट?

दुसरी, याने रुग्ण लवकर बरे होतात का? मोजून कुणी दाखवलं आहे का? की सगळ्यांना बरं वाटतं म्हणून करायचं?

मुक्ता_

@रात्रपाळी, चष्म्याचं वाचून वडिलांच्या वेळचं आठवलं. तुमच्यासारखी माणसं प्रत्येक समितीवर हवीत.

@धूमकेतू, पहिली शंका अगदी रास्त आहे. त्यावर माझं म्हणणं असं, की समितीवरच्या एका हृदयरोगतज्ज्ञाला "तुम्ही सगळ्या हृदयरोगतज्ज्ञांचे प्रतिनिधी आहात का?" असं कुणी विचारत नाही. त्यांचं ज्ञान कामाचं आहे म्हणून ते तिथे असतात. शुभार्थीही एका प्रकारचं ज्ञान घेऊन येतो. मात्र तेवढ्यावर थांबून चालणार नाही. जे येत नाहीत त्यांच्याकडे आपण जायला हवं: डायलिसिस चालू असताना खुर्चीशेजारी बसून, घरभेटीत, ओपीडीच्या रांगेत. समितीवरच्या शुभार्थींनी हे काम केलं तर लोक त्यांच्याशी मोकळेपणाने बोलतात, असा आमचा अनुभव आहे.

सर्वेक्षण जरूर करावं. पण त्यातले प्रश्न कुणी लिहिले? यावर एक उदाहरण मला नेहमी आठवतं. ऱ्हुमॅटॉइड आर्थ्रायटिसच्या औषधचाचण्यांत काय काय मोजायचं, यावर ओमेरॅक्ट नावाचा तज्ज्ञांचा आंतरराष्ट्रीय गट १९९२ पासून काम करतो. सांध्यांची सूज, वेदना, रक्तातल्या खुणा, रोजची कामं किती जमतात, हे सगळं त्यांच्या यादीत होतं. २००२ मध्ये पहिल्यांदा रुग्ण त्या बैठकीत सहभागी म्हणून बसले आणि त्यांनी थकव्याचा विषय काढला. झोपून न जाणारा, दिवसच्या दिवस खाणारा थकवा. यादीत तो नव्हताच. त्यावर काम झालं आणि २००६ च्या बैठकीत चाचण्यांमध्ये थकवाही मोजावा अशी शिफारस झाली. विचार करा, त्याआधी हजारो रुग्णांकडून प्रश्नावल्या भरून घेतल्या असतील. जो प्रश्न छापलेलाच नाही त्याचं उत्तर कितीही मोठ्या नमुन्यातून कसं मिळणार?

दुसऱ्या शंकेवर सरळ उत्तर देते. माहितीपत्रकं सुधारली, रांगा कमी झाल्या, सेवेची रचना बदलली, स्टाफचा दृष्टिकोन बदलला, असं दाखवणारे अभ्यास बरेच आहेत. आजारात किंवा आयुर्मानात काय फरक पडला हे काटेकोरपणे मोजणारे त्या मानाने थोडे आहेत. अधिक व्हायला हवेत, आणि त्यांत काय मोजायचं हेही शुभार्थींबरोबर बसून ठरवायला हवं. तोवर मी एवढंच म्हणेन, की ज्याच्या शरीरावर आणि ज्याच्या घरात ही सेवा घडणार आहे त्याला ती कशी असावी यात शब्द असणं हा त्याचा हक्क आहे. १९७८ च्या अल्मा-आटा जाहीरनाम्यातच ते आहे: आपल्या आरोग्यसेवेच्या नियोजनात आणि अंमलबजावणीत भाग घेणं हा लोकांचा हक्क आहे आणि कर्तव्यही.

अनघा२

धागा वाचून राहवलं नाही म्हणून लिहिते. मला बायपोलर हा मानसिक आजार आहे. बरीच वर्षं औषधांवर स्थिर आहे, नोकरी करते.

धाग्याच्या शीर्षकात "रुग्ण आणि शुभंकर" असं एका दमात आलं आहे. प्रेमानेच आलं आहे, तरी मला तिथे थांबावंसं वाटलं. आमच्या क्षेत्रात हे दोघे नेहमी एका बाजूला नसतात. शुभंकर खोलीत आला की डॉक्टरांपासून स्वागतकक्षापर्यंत सगळे त्याच्याशीच बोलायला लागतात. "ह्यांना झोप लागते का?" मी समोर बसलेली असते!

एका डे-केअर केंद्राच्या आखणीत मी होते. पालकांना फाटक बंद हवं होतं, मूल आलं-गेलं की फोन हवा होता, आणि समुपदेशनात काय बोलणं झालं तेही कळायला हवं होतं. आम्हाला यातलं काहीच नको होतं. पहिल्या दोन बैठका एकत्र झाल्या आणि आमच्यातले निम्मे लोक तोंडही उघडू शकले नाहीत. शेजारी आई बसलेली असताना "मला इथे आईपासून जरा मोकळं व्हायला यायचं आहे" हे कोण बोलणार? मग बैठका वेगळ्या केल्या. वेगळ्या झाल्यावर लक्षात आलं, की फाटकामागे पालकांची खरी भीती एकच होती: मूल बाहेर पडलं आणि हरवलं, किंवा त्याने जिवाचं काही करून घेतलं, तर आपल्याला कळणारही नाही. आमचीही खरी मागणी एकच होती: आमच्याबद्दल आमच्या पाठीमागे बोलू नका. त्यावर तोडगा निघाला. केंद्रात येणारा प्रत्येक जण स्थिर असताना स्वतः लिहून देतो, की कुठल्या परिस्थितीत घरी कळवायचं, कुणाला कळवायचं आणि काय सांगायचं. फाटकाला कुलूप नाही. पालकांचा स्वतःचा वेगळा गट भरतो आणि तिथे त्यांच्या थकव्याबद्दल बोलणं होतं.

भारताच्या २०१७ च्या मानसिक आरोग्यसेवा कायद्यात केंद्रीय प्राधिकरणावर मानसिक आजार असलेल्या किंवा होऊन गेलेल्या व्यक्तींसाठी आणि केअरगिव्हरांसाठी वेगवेगळ्या जागा ठेवल्या आहेत. एकाच्या जागी दुसरा चालत नाही. समित्या बनवणाऱ्यांनी एवढं जरी उचललं तरी पुष्कळ आहे.

मुक्ता_

अनघा, हे लिहिल्याबद्दल मनापासून आभार. वडिलांना बोलायला वेळ लागतो, शब्द अडकतात, आणि त्यांचं वाक्य पुरं करायची आम्हा घरच्यांना सवय लागते. समितीतही शुभार्थीचं वाक्य शुभंकराने पुरं करू नये, हा नियमच असायला हवा. तुमच्या केंद्रातलं लिहून देण्याचं आमच्या गटात सांगेन.

किनारा

माझा मुलगा अठरा वर्षांचा आहे. तो चालत नाही, बोलत नाही, सगळं मीच करते. मला तीनदा-चारदा अशी बोलावणी आली. बैठक कामाच्या दिवशी सकाळी, म्हणजे अंघोळ, नळीतून भरवणं, फिजिओथेरपी हे सगळं चालू असण्याच्या वेळी. त्याच्यापाशी कोण बसणार, हे कुणी विचारलं नाही. टेबलाभोवती बसलेले बाकीचे सगळे पगारी वेळेत आलेले होते. मला आभारपत्र मिळालं.

मला कटुतेने लिहायचं नाही. खरंच जायचं असतं. पण जाण्यायेण्याचा खर्च, मुलापाशी बसणाऱ्या माणसाचं मानधन, आणि माझ्या वेळेचंही काहीतरी, हे आयोजकांच्या खर्चात पहिल्या दिवसापासून धरलेलं नसेल, तर माझ्यासारख्या बायका कधीच येणार नाहीत. मग धूमकेतू म्हणतात तसेच, ज्यांचं बरं चाललंय तेवढेच लोक येतील. त्यांच्या पहिल्या शंकेचं निम्मं उत्तर इथे आहे असं मला वाटतं.

आणखी एक. एकटीला बोलावू नका. दहा-बारा अधिकारी आणि मी एकटी, असं बसले की घशाला कोरड पडते. निदान दोघी-तिघी हव्यात, म्हणजे एकीच्या मुलाला ताप आला तरी दुसरी असते. अमेरिकेत मॅसॅच्युसेट्स राज्यात २००८ च्या कायद्याने प्रत्येक रुग्णालयाला रुग्ण आणि कुटुंबीयांची सल्लागार परिषद नेमावी लागते, आणि तिच्यात निदान निम्मे सदस्य रुग्ण किंवा कुटुंबीय असावे लागतात. निम्मे! त्या खोलीत बोलणं किती वेगळं होत असेल.

अपंग व्यक्तींच्या हक्कांच्या २००६ च्या संयुक्त राष्ट्रांच्या करारातही, कलम ४ मध्ये, कायदे आणि धोरणं ठरवताना अपंग व्यक्तींशी, त्यात मुलंही आली, त्यांच्या संघटनांमार्फत सल्लामसलत करणं सरकारांवर बंधनकारक केलं आहे. माझा मुलगा बोलत नसला तरी त्याला काय आवडतं आणि काय नकोसं होतं हे त्याच्या चेहऱ्यावर दिसतं. कुणीतरी अर्धा दिवस त्याच्यापाशी येऊन बसावं. त्यासाठी बैठकीची गरज नाही.

प्रथमेश_आरेखन

किनाराताईंचं शेवटचं वाक्य आमच्या व्यवसायातल्या प्रत्येकाने वाचायला हवं.

मी सेवा आणि वास्तूंच्या आरेखनाचं काम करतो. माझा आग्रह एवढाच असतो, की बैठकीत बोलण्यापेक्षा हात चालले पाहिजेत. नकाशा समोर ठेवून "कसा वाटतो?" विचारलं तर लोक "छान" म्हणतात, कारण नकाशा वाचणं हे वेगळं कौशल्य आहे. त्याऐवजी जमिनीवर खडूने किंवा चिकटपट्टीने खोलीचं खरं माप आखायचं, पुठ्ठ्याचा पलंग आणि पुठ्ठ्याचं बेसिन ठेवायचं, आणि वॉकर किंवा व्हीलचेअर घेऊन खऱ्या माणसाला आत यायला सांगायचं. एका स्वच्छतागृहाच्या वेळी एक काकू व्हीलचेअरवरून आत आल्या, दाराकडे वळून बघितलं आणि म्हणाल्या, "मी आले, पण आता दार लावणार कोण?" कागदावर सगळी मापं नियमात बसत होती. दार बाहेर उघडणारं केलं, आतून ओढायला आडवी दांडी लावली. पुठ्ठा होता म्हणून हे फुकटात झालं. तेच फरशी बसल्यावर कळलं असतं तर तोडफोड आली असती, किंवा काकूंनाच जमवून घ्यायला सांगितलं असतं.

मुक्ताताई "कधी बोलावलं" म्हणतात ते आमच्या भाषेत अगदी खर्चाचं गणित आहे.

आणि कधी कधी आखणीची सुरुवातच रुग्ण करतो. स्वीडनमध्ये यॉनशॉपिंगच्या र्युहोव रुग्णालयात २००५ मध्ये एका तरुण रुग्णाने विचारलं, की माझं डायलिसिस मीच करू का? एका परिचारिकेने हो म्हटलं आणि शिकवलं. त्याने पुढे दुसऱ्या रुग्णाला शिकवलं, आणि त्यातून रुग्णांनी स्वतःचं डायलिसिस स्वतः करण्याचा विभागच उभा राहिला, रुग्णांना बरोबर घेऊन आखलेला. कुठल्याही समितीने हा प्रश्न कार्यक्रमपत्रिकेवर घेतला नसता.

डॉ_सु

चर्चा फार चांगली चालली आहे. एका डॉक्टरच्या नजरेतून थोडी भर.

सगळंच चर्चेला मोकळं नसतं, आणि ते तसं आहे असं भासवू नये. निर्जंतुकीकरणाचे नियम, औषधाची मात्रा, रक्त देण्याआधीची तपासणी, मनुष्यबळाची मर्यादा, मंजूर निधी यांतल्या काही गोष्टी ठरलेल्या असतात. पहिल्याच बैठकीत तीन गोष्टी स्वच्छ सांगाव्यात: हे बदलू शकत नाही आणि त्याचं कारण हे, हे तुमच्या-आमच्या विचाराने ठरणार, आणि हे पूर्णपणे तुम्ही ठरवा. लोक मर्यादा समजून घेतात. मर्यादा लपवल्याचं कळलं की मात्र पुन्हा येत नाहीत, आणि ते बरोबरच आहे.

अर्थात "हे बदलू शकत नाही" या यादीकडेही अधूनमधून बघायला हवं. अतिदक्षता विभागात नातेवाइकांना ठरलेल्या थोड्या वेळातच सोडायचं, हा नियम आम्ही संसर्गाच्या नावाखाली वर्षानुवर्षं चालवला. शुभंकरांनी कारण विचारलं तेव्हा शोधायला बसलो. हात धुऊन आलेल्या एका माणसाने पलंगाशेजारी शांत बसण्याने संसर्ग वाढतो याला भक्कम आधार सापडला नाही. उलट नातेवाईक जवळ असले की गोंधळलेला रुग्ण शांत राहतो, हे परिचारिका आधीपासून सांगत होत्या. वेळ वाढवली. प्रक्रिया चालू असेल तेव्हा बाहेर थांबायचं, एवढी अट ठेवली.

धूमकेतू

किनारा आणि अनघा, तुमच्या पोस्टनी माझा प्रश्न बदलला. प्रतिनिधित्वाची अडचण मी सहभागाविरुद्धचा मुद्दा म्हणून मांडत होतो. ती नीट सहभागासाठी पैसे आणि वेळ मागण्याचा मुद्दा आहे.

आता वेगळा प्रश्न. ज्यांना डिमेन्शिया (स्मृतिभ्रंश) आहे, पक्षाघातानंतर वाचा गेली आहे, त्यांचं काय? तिथे शेवटी शुभंकराच्या शब्दावरच विसंबायचं ना?

रात्रपाळी

@धूमकेतू, इतक्यात नको. स्कॉटलंडमध्ये स्कॉटिश डिमेन्शिया वर्किंग ग्रुप हा गट २००२ पासून आहे, आणि तो डिमेन्शिया असलेली माणसंच चालवतात. आजाराच्या सुरुवातीच्या आणि मधल्या टप्प्यातली बरीच माणसं आपल्याला काय हवं ते नीट सांगतात. आपण जरा थांबायला हवं. छोटी बैठक, एका वेळी एकच विषय, मधे विश्रांती, आणि शक्यतो जिथली चर्चा आहे त्याच जागी बसून किंवा चालत चालत. कागद आधी द्यायचे, मोठ्या अक्षरात.

वाचा गेलेल्यांसाठी वाचा-उपचारतज्ज्ञांना बरोबर घ्यावं. चित्रांचे तक्ते, हो-नाहीची कार्डं, छायाचित्रं यांवर कितीतरी काम होतं. आमच्या एका आजोबांनी वॉर्डचे फोटो चाळले, रात्रीच्या दिव्याच्या फोटोवर बोट ठेवलं आणि डोळे मिटून घेतले. त्या दिव्याचा उजेड थेट त्यांच्या तोंडावर यायचा. त्यांच्या घरच्यांनाही हे माहीत नव्हतं, कारण ते रात्री वॉर्डात नसायचे.

सई_म

मी आजवर फक्त वाचत होते. आईला घरी पॅलिएटिव्ह (गंभीर आजारात वेदना आणि त्रास कमी करणारी) सेवा मिळत होती, ती गेली त्याला आता वर्ष होईल. त्या संस्थेने सेवेच्या नव्या आखणीसाठी मला बोलावलं आहे. जावंसं वाटतं, धास्तीही वाटते. हो म्हणण्याआधी काय विचारून घेऊ? आणि तिथे मला रडू आलं तर?

मुक्ता_

सई, आईबद्दल वाचून वाईट वाटलं.

आधी हे विचारा, की या आखणीतलं काय काय अजून ठरायचं आहे आणि ते कोण ठरवणार. उत्तर गुळमुळीत आलं तर पुन्हा विचारा. तुमच्यासारखे अजून किती जण असतील, बैठका किती, केव्हा आणि कुठे, खर्च आणि मानधन कसं, कागदपत्रं आधी मिळतील का, हेही विचारून घ्या. आणि माझ्या मते सगळ्यात महत्त्वाचं, की आम्ही जे सांगू त्याचं काय झालं हे आम्हाला कळणार का? आमच्या समितीत आता प्रत्येक सूचनेपुढे लिहितात: झालं, होतंय, किंवा नाही आणि का नाही. "का नाही" हा रकाना सुरू करायला फार वेळ गेला, पण त्यामुळे लोक टिकले. पाच सूचनांपैकी तीन नाकारल्या तरी माणूस पुन्हा येतो, कारण कुणीतरी वाचून विचार केला हे त्याला दिसतं. काहीच कळलं नाही की पुढच्या वेळी येत नाही.

रडू आलं तर येऊ द्या. पण आईच्या शेवटच्या दिवसांचं किती सांगायचं हे तुम्ही ठरवायचं. कुणी आग्रह केला तरी नाही म्हणता येतं. बैठकीनंतर तुम्हाला फोन करणारा एक माणूस संस्थेने नेमून द्यावा, असंही आधीच सांगून ठेवा.

डॉ_सु

सईताई, पॅलिएटिव्ह सेवेत काम केलं आहे म्हणून एक जोडतो. रात्री-अपरात्री काय झालं, फोन केला तेव्हा कोण बोललं, वेदनेचं औषध संपत आलं तेव्हा काय केलं, याची दोन-चार टिपणं करून न्या. आमच्या नोंदींत दिवसाच्या भेटी असतात, रात्रींचं फार थोडं असतं. ते फक्त तुमच्यासारख्यांकडेच आहे.

किनारा

आणि बरोबर कुणाला तरी घेऊन जा, सई. चालतं का म्हणून विचारू नका, येणार आहोत असं कळवा.

सई_म

सगळ्यांचे आभार. रात्रींचं मी तेव्हा एका वहीत लिहीत होते, औषधांच्या वेळा चुकू नयेत म्हणून. ती काढते. सोमवारी फोन करून मुक्ताताईंचे प्रश्न विचारते आणि काय उत्तर येतं ते इथे लिहिते. बहीण बरोबर येते म्हणाली आहे.